टायरचा क्रंब घातलेला मोल्डेड माल कधी फुगतो, कधी फाटतो: दोष शोधायचा कसा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. कंपाउंडमध्ये (रबर आणि त्यातल्या घटकांचं कच्चं मिश्रण) दहा टक्के टायरचा क्रंब, म्हणजे जुन्या टायरचा दळलेला भुगा, घातला, पहिला लॉट छान निघाला. दुसऱ्या लॉटला प्रेस उघडताच मालावर फुगे. क्युरिंगची (उष्णता आणि दाबाखाली रबर पक्कं करण्याची) वेळ वाढवली तर फुगे कमी झाले, पण पुढच्या लॉटचं कंपाउंड मिलवरच (दोन रुळांच्या मिक्सिंग मशीनवरच) स्कॉर्च व्हायला, म्हणजे वेळेआधी क्युअर व्हायला, लागलं. अ‍ॅक्सिलरेटर (क्युअरचा वेग वाढवणारं रसायन) कमी केला तर हार्डनेस (कडकपणा) पडला आणि साच्यातून काढताना कोपरे फाटले. फॉर्म्युला तोच, मशीन तेच, माणसं तीच, तरी दोष दर वेळी नवा. शेवटी ‘क्रंबच खराब आहे’ असं ठरतं, पुरवठादार बदलतो, थोडे दिवस बरे जातात आणि गाडी पुन्हा तिथेच.

क्रंब खराब असू शकतो, नाही असं नाही. पण हे दोष असे आलटून पालटून येत असतील तर बहुधा कारण वेगळं असतं: क्रंबला चॉक किंवा क्लेसारखा निमूट पडून राहणारा फिलर (भर) समजलेलं असतं. क्रंब म्हणजे एकदा क्युअर झालेलं संपूर्ण कंपाउंड आहे. त्यात रबर आहे, कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी भुकटी) आहे, तेल आहे, झिंक ऑक्साइड आहे, जुन्या अ‍ॅक्सिलरेटरचे अवशेष आहेत आणि अँटिऑक्सिडंट आहेत. तो तुमच्या ताज्या कंपाउंडमध्ये गेला की दोघांमध्ये देवघेव सुरू होते. तुमच्याकडचा गंधक (रबराच्या साखळ्या जोडून ते क्युअर करणारा घटक) आणि तेल त्याच्यात शिरतं, त्याच्याकडचे अ‍ॅक्सिलरेटरचे तुकडे तुमच्याकडे येतात. ही देवघेव धरून फॉर्म्युला आणि मिक्सिंग बसवलं नाही, तर एक दोष दाबला की दुसरा वर येतो.

आधी बिनक्रंबची बॅच

कुठलाही बदल करण्याआधी तेच कंपाउंड क्रंब न घालता मिक्स करा आणि त्याच दिवशी, त्याच प्रेसवर, त्याच साच्यात दाबा. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात. पण प्लेटनचं (प्रेसच्या गरम पाटाचं) तापमान एका कोपऱ्यात कमी असेल, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चुकीचं दाखवत असेल किंवा ब्लँक (साच्यात ठेवायचा कच्च्या कंपाउंडचा तुकडा) हलका कापला जात असेल, तर तो दोष क्रंबच्या माथी मारून महिने निघून जातात. बिनक्रंबच्या मालातही फुगे आले तर पुढचं वाचायची गरज नाही, प्रेसकडे जा.

दुसरी गोष्ट, चाचणीचे तुकडे मिक्सिंगनंतर लगेच दाबू नका. क्रंबचं कंपाउंड मुरतं. गंधक आणि तेल कणांच्या आत शिरायला काही तास लागतात, त्यामुळे ताज्या शीटचा रिओमीटर (क्युअर होताना रबर किती घट्ट होतं ते मोजणारं यंत्र) आलेख आणि दुसऱ्या दिवशीचा आलेख सारखा नसतो. सकाळी मिक्स करून दुपारी दाबलेला माल चांगला आणि दोन दिवस रॅकवर राहिलेला वाईट, अशा कित्येक तक्रारींचं उत्तर इथेच सापडतं. सगळ्या चाचण्या ठरावीक मुरवणीनंतर घ्या. मी २४ तास धरतो. आकडा कुठलाही घ्या, पण तो बदलू नका.

फुगे आणि सच्छिद्रपणा

फुगलेला तुकडा ब्लेडने मधोमध कापा आणि दहापट भिंगाखाली बघा. प्रयोगशाळेत पाठवण्याआधी एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

फक्त जाड भागाच्या गाभ्यात स्पंजसारखी बारीक भोकं असतील आणि कडा घट्ट असतील, तर गाभा कच्चा राहिला आहे. खात्री करायला वेळ दीडपट करून एकच तुकडा दाबा. भोकं गेली तर प्रश्न क्युअरचा आहे आणि त्याचं उत्तर पुढे गंधकाच्या हिशेबात आहे. तसं असेल तर नुसती वेळ वाढवून थांबू नका.

दर वेळी एकाच जागी एकच मोठा फुगा येत असेल तर ती कोंडलेली हवा आहे. ब्लँकचा आकार, बंपिंग (हवा जाण्यासाठी प्रेस क्षणभर उघडून पुन्हा मिटणं) आणि व्हेंट (साच्यातल्या हवेच्या वाटा) तपासा. खरं तर थोडा क्रंब हवा बाहेर पडायला मदतच करतो, कारण कणांच्या कडेने हवेला वाट मिळते. काही लोक तर मोठ्या सपाट मालात केवळ एवढ्यासाठी थोडा क्रंब घालतात. त्यामुळे क्रंब घातल्यावर कोंडलेली हवा वाढली असेल, तर कंपाउंड घट्ट होऊन प्रवाह बिघडला आहे का ते आधी बघा.

भोकं सगळीकडे विखुरलेली, गोल, गुळगुळीत भिंतीची असतील, वेळ वाढवून पूर्ण जात नसतील किंवा गेल्यासारखी वाटून पुढच्या लॉटला परत येत असतील, तर पाणी. हे कारण सगळ्यात जास्त वेळा सापडतं आणि सगळ्यात कमी वेळा तपासलं जातं.

हिशेब करून बघा. क्रंबमध्ये फक्त एक टक्का ओलावा आहे आणि कंपाउंडमध्ये दहा टक्के क्रंब आहे असं धरू. म्हणजे एक किलो कंपाउंडमध्ये एक ग्रॅम पाणी. ऐकायला काहीच नाही. पण हे एक ग्रॅम पाणी १६० अंश सेल्सिअसला साध्या हवेच्या दाबाखाली साधारण दोन लिटर वाफ होतं, आणि एक किलो कंपाउंडचं स्वतःचं आकारमान एक लिटरपेक्षाही कमी असतं. साचा बंद असेपर्यंत प्रेसचा दाब ही वाफ रबरात विरघळलेली ठेवतो. १६० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे सहापट असतो, म्हणून चांगल्या दाबाखाली काही दिसत नाही. प्रेस उघडला की दाब एकदम जातो आणि रबर अजून पुरेसं घट्ट झालेलं नसेल तर वाफ त्याला फुगवते. वेळ वाढवल्यावर फुगे ‘गेले’ असं वाटतं ते यामुळेच. पाणी तिथेच असतं, फक्त रबर त्याला दाबून धरण्याइतकं पक्कं झालेलं असतं. पुढचा लॉट थोडा जास्त ओला आला की फुगे परत.

ओलावा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. वजन केलेला क्रंब पातळ थरात पसरून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा आणि पुन्हा तोला. एक टक्क्याच्या वर गेला की तो लॉट वाळवल्याशिवाय वापरू नका. जाड आणि बंद मालासाठी मी अर्ध्या टक्क्यापर्यंतच जातो. गोणी उघडी ठेवू नका, आणि थंड गोदामातून आणलेली गोणी दमट हवेत लगेच फोडूही नका, कणांवर दव धरतं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे क्रंब कधी घालता. शेवटच्या टप्प्यात, मिलवर, गंधकाबरोबर क्रंब टाकायची सवय खूप ठिकाणी आहे, कारण ते सोपं वाटतं. त्या टप्प्यात तापमान मुद्दाम १०० अंशांच्या आसपास किंवा खाली ठेवलेलं असतं, म्हणजे पाण्याला बाहेर पडायची संधीच नाही. क्रंब पहिल्या टप्प्यात, मास्टरबॅचमध्ये (गंधक घालण्याआधीच्या मिश्रणात), रबराबरोबर सुरुवातीलाच घाला. तिथे तापमान १२० ते १४० अंशांपर्यंत जातं, रॅम (मिक्सरमध्ये माल दाबून धरणारा भाग) एकदोनदा उचलला की वाफ निघून जाते. शिवाय क्रंबचे चिकटलेले गोळे सुटायलाही पुरेसा वेळ मिळतो. बारीक क्रंब गोणीत दबून ढेकळं बनतो, आणि ही ढेकळं शेवटच्या मिनिटात मिलवर फुटत नाहीत.

मिलवरच स्कॉर्च होणं, तरीही माल कच्चा

कोड्यात टाकणारा दोष हाच. कंपाउंड लवकर पेट घेतं, तरी पूर्ण क्युअर झाल्यावर हार्डनेस आणि मॉड्युलस (ताणाला होणारा विरोध) कमी. रिओमीटरवर टीएस-२ (क्युअर सुरू व्हायला लागणारा वेळ) आधी येतो आणि एमएच (क्युअरच्या शेवटी गाठलेला सर्वांत मोठा टॉर्क) खाली बसतो. दोन्ही एकदम कसं? जोडणी लवकर सुरू झाली तर जास्त व्हायला हवी, असं मन म्हणतं.

देवघेव लक्षात घेतली की कोडं सुटतं. क्रंबमधले अ‍ॅक्सिलरेटरचे अवशेष ताज्या रबरात आले, म्हणून सुरुवात लवकर. ताज्या रबरातला गंधक क्रंबमध्ये गेला, म्हणून शेवटी जाळं विरळ. एमएच पडलेला पाहून बहुतेक जण अ‍ॅक्सिलरेटर वाढवतात. तो उपाय नेमका उलटा पडतो, कारण ज्या गोष्टीचा आधीच अतिरेक झाला आहे तीच वाढवली जाते. मग मिलवर कंपाउंड जळतं, भीतीने अ‍ॅक्सिलरेटर परत कमी होतो आणि माल आणखी मऊ पडतो.

उपाय गंधकात आहे. साधा हिशेब असा. समजा तुमच्या फॉर्म्युल्यात १०० भाग रबर, एकूण २०० भाग कंपाउंड आणि २ भाग गंधक आहे. एकूण मिश्रणाच्या दहा टक्के क्रंब म्हणजे साधारण २२ भाग. टायरच्या क्रंबमध्ये प्रत्यक्ष रबर ढोबळमानाने निम्म्याच्या जरा वर असतं, बाकी ब्लॅक, तेल, राख. म्हणजे २२ भागांतून १२ भाग रबर आलं. गंधक या १२ भागांतही तितक्याच सहजतेने पसरतो. म्हणजे २ भाग गंधक आता १०० नव्हे, ११२ भागांमध्ये वाटला गेला आणि तुमच्या ताज्या रबराच्या वाट्याला आला १.८ च्या आसपास. तो पुन्हा २ वर आणायचा तर एकूण गंधक सुमारे २.२ ते २.२५ भाग हवा. हा आकडा अंतिम नाही, सुरुवात करायला आहे. त्याच्या खाली एक आणि वर एक अशा तीन छोट्या बॅच लॅब मिलवर करा, मुरवा आणि एमएच बिनक्रंबच्या बॅचशी जुळवा. जास्त गंधक घातला तर ब्लँकच्या पृष्ठावर पांढुरकी झाक येते आणि दोन ब्लँक एकमेकांत नीट जुळत नाहीत, तेव्हा हात आवरता ठेवा.

गंधक वाढवल्यावरही सुरुवात लवकरच होणार. त्यासाठी आधी अ‍ॅक्सिलरेटरला थोडी कात्री लावा, विशेषतः थायुरामसारखा जलद दुय्यम अ‍ॅक्सिलरेटर असेल तर त्यालाच आधी. तेवढ्याने भागलं नाही तर सीटीपी हा स्कॉर्च रोखणारा घटक ०.१ ते ०.२ पीएचआर (१०० भाग रबरामागे भाग) इतकाच पुरतो. तो सुरुवात पुढे ढकलतो, क्युअरचा वेग फारसा मारत नाही. सल्फेनामाइड गटाचे अ‍ॅक्सिलरेटर वापरणाऱ्या पद्धतीत त्याचा गुण चांगला दिसतो.

मिलवरची उष्णताही यात भर घालते. क्रंबचे कण निपमधून (दोन रुळांमधल्या फटीतून) जाताना दाबले जातात, परत फुलतात आणि दर फेरीला उष्णता सोडतात, म्हणून क्रंबचं कंपाउंड नेहमीपेक्षा जास्त तापतं. थंड पाण्याचा प्रवाह तोच आणि बॅचचं वजन तेच ठेवलं तर शेवटच्या टप्प्याचं तापमान दहाएक अंश वर गेलेलं सहज आढळतं. बॅच लहान करा, गंधक शेवटी, शीट पातळ काढून लगेच थंड करा. गरम शीट एकावर एक रचून ठेवल्या तर मधल्या शीट तासाभरात वाया जातात.

फॉर्म्युला लिहिताना क्रंब कशाच्या जागी धरायचा, यावरही घोळ होतो. कोणी तेवढा क्ले काढतो, कोणी तेवढं रबर काढतो. क्रंब हे पूर्ण कंपाउंड असल्यामुळे तो संपूर्ण मिश्रणावर टक्क्याने घालणं सरळ पडतं: बाकी फॉर्म्युला जसाच्या तसा, वरून पाच-दहा टक्के क्रंब, आणि गंधकाची वरची दुरुस्ती. नवं रबर काढून त्या जागी क्रंब भरलात तर कणांना धरून ठेवणारं मूळ रबरच कमी पडतं. मग माल फाटतो आणि दोष क्रंबच्या बारीकपणाला दिला जातो.

फाटणं आणि कमी ताकद

काही ताकद जाणारच, हे मान्य करूनच क्रंब घालायचा. टेन्साइल (ताण सोसण्याची ताकद), लांबण आणि टिअर (फाटण्याला होणारा विरोध) खाली येतात. गंधक जुळवलेला असेल तर हार्डनेस मात्र फारसा हलत नाही, त्यामुळे नुसता हार्डनेस मोजून माल पास करणाऱ्याला काही कळत नाही. प्रश्न असतो तो अपेक्षेपेक्षा जास्त ताकद गेली तर.

पुन्हा भिंग घ्या आणि फाटलेल्या पृष्ठाकडे बघा. क्रंबचे कण उघडे, स्वच्छ, चकचकीत दिसत असतील आणि शेजारी त्यांनी सोडलेल्या खळग्या असतील, तर कण आणि रबर यांची जोडच लागलेली नाही. फाट कणांच्या आरपार गेली असेल तर जोड चांगली आहे आणि दोष कणांच्या आकारात किंवा प्रमाणात आहे. हा फरक ओळखल्याशिवाय महागडा बारीक क्रंब घेणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

जोड न लागण्याची कारणं थोडीच आहेत. एक म्हणजे सीमेवर गंधक अपुरा, त्याचा उपाय वर आला. दुसरं, कणांवर टाल्क किंवा चॉकची भुकटी. बारीक क्रंब चिकटू नये म्हणून पुरवठादार ती घालतात. प्रमाण जास्त झालं की ती दोन रबरांच्या मध्ये पडद्यासारखी बसते. तिसरं, दळण्याची पद्धत. साध्या तापमानाला दळलेला क्रंब खडबडीत, ओबडधोबड असतो, त्याचं पृष्ठ जास्त आणि पकड चांगली. द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या थंडीत ठिसूळ करून फोडलेल्या क्रंबचे कण गुळगुळीत, टोकदार कडांचे निघतात. ते स्वच्छ असतात, त्यात तंतू आणि तार सहज वेगळी होते, पण तेवढ्याच आकाराला त्यांची पकड सहसा कमी पडते. एका पद्धतीचा क्रंब बंद होऊन दुसऱ्या पद्धतीचा आला आणि बिलावर फक्त ‘४० मेश’ (चाळणीचा आकडा; आकडा मोठा तितका कण बारीक) लिहिलं असेल, तर दोन्ही लॉट कागदावर सारखे आणि मालात वेगळे निघतात.

आकाराबद्दल. ३० मेश म्हणजे ०.६ मि.मी., ४० मेश म्हणजे ०.४२ मि.मी., ८० मेश म्हणजे ०.१८ मि.मी. आणि २०० मेश म्हणजे ०.०७५ मि.मी. चांगल्या मिक्स केलेल्या रबरात मुळातच असलेल्या सूक्ष्म उणिवा काही दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) असतात. ४० मेशचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा आहे, म्हणजे फाट सुरू व्हायला तयार जागा. म्हणूनच वारंवार वाकणाऱ्या किंवा ताणल्या जाणाऱ्या भागात जाड क्रंब लवकर तडे देतो, जरी टेन्साइलचा आकडा बरा दिसत असला तरी. मी एक आडाखा पाळतो: मालाची सगळ्यात पातळ भिंत जितकी, त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा मोठा कण नको. ३ मि.मी.च्या भिंतीत ३० मेश टाकून कोपरे फाटल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

आणि काही मालात क्रंब घालूच नये. सीलचे पातळ ओठ, ओ-रिंग, सतत हलणारे माउंट, अन्नाला किंवा पिण्याच्या पाण्याला लागणारा माल, फिकट रंगाचा माल. टायरमधलं अँटिओझोनंट (ओझोनपासून रबर वाचवणारं रसायन) बाहेर झिरपून शेजारच्या रंगावर तपकिरी डाग पाडतं, ते कुठल्याही मिक्सिंगने थांबत नाही. चटया, ठोकळे, बंपर, चाकाला लावायच्या अडणी, स्थिर वजनाखालचे पॅड, भरीव चाकांचा गाभा इथे मात्र क्रंब सुखाने नांदतो.

साचा नीट न भरणं, जाड फ्लॅश

क्रंबने मूनी व्हिस्कॉसिटी (कच्च्या कंपाउंडचा वाहण्याला होणारा विरोध) वाढते. त्यात क्रंब तुमच्या कंपाउंडमधलं तेलही हळूहळू शोषतो, म्हणून मुरल्यावर कंपाउंड आणखी घट्ट होतं. प्रवाहाच्या खुणा, जोडरेषा, कोपरा रिकामा राहणं ही त्याची लक्षणं. क्रंब आधी थोड्या प्रोसेस ऑइलमध्ये भिजवून मग मास्टरबॅचमध्ये घातला तर हा त्रास बराच कमी होतो. दहा टक्के क्रंबला दोन ते चार भाग जादा तेल इथून सुरुवात करा. तेलाने हार्डनेस एकदोन पॉइंट खाली येईल, तो ब्लॅकने सांभाळा.

कॉम्प्रेशन मोल्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट घडते. जाड कण साच्याच्या कडेवरच्या सपाट पट्टीत अडकतात आणि साचा पूर्ण मिटू देत नाहीत. फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेली रबराची झालर) जाड होते, मालाची उंची वाढते आणि मोजमाप पुढे जातं. प्रेसचा दाब वाढवून हे फारसं सुधारत नाही, कडा मात्र खराब होतात. बारीक क्रंब किंवा जादा माल वाहून जाण्यासाठी खोल खाचा, हे दोन खरे मार्ग. ट्रान्सफर आणि इंजेक्शन मोल्डिंगमध्ये अरुंद गेट (रबर साच्यात शिरण्याचं तोंड) असेल तर ८० मेशपेक्षा जाड क्रंबचा विचारच सोडा.

पृष्ठ खरखरीत दिसत असेल आणि ग्राहकाला ते चालत नसेल, तर ब्लँकवर बिनक्रंबच्या कंपाउंडची पातळ शीट लावून दाबा. गाभ्यात क्रंब, बाहेर स्वच्छ कातडी. फक्त दोन्ही कंपाउंडचा क्युअर वेग जुळलेला हवा, नाहीतर थर सुटतात.

एका फायद्याची गोष्टही सांगायला हवी. क्रंब घातलेली कच्ची शीट कापल्यावर कमी आखडते, ब्लँकचं वजन आणि आकार टिकून राहतो. ब्लँकिंगवाले क्रंबबद्दल सहसा तक्रार करत नाहीत ते उगीच नाही.

लॉट बदलला की सगळं बदलतं

इथे पुरवठादाराचा भाग येतो. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त, मोटारीच्या टायरमध्ये एसबीआर आणि बीआर ही कृत्रिम रबरं जास्त. गिरणीत या महिन्यात कुठले टायर आले त्यावर क्रंबचं पोट ठरतं. टीजीए चाचणीत (नमुना तापवत त्याचं वजन कसं घटतं ते मोजतात) हे स्पष्ट दिसतं: नायट्रोजनमध्ये तापवताना नैसर्गिक रबर आधी, साधारण ३७० ते ३८० अंशांच्या आसपास तुटतं, एसबीआर आणि बीआर त्यानंतर, ४५० च्या आसपास. पुढे हवा सोडली की कार्बन ब्लॅक जळतो आणि मागे राख उरते. वर्षातून काही वेळा जरी ही चाचणी करून घेतली तरी लॉटमधला बदल आणि मालातला बदल शेजारी ठेवून बघता येतो.

राख जास्त आली म्हणजे माती मिसळली, असं लगेच समजू नका. १९९० च्या दशकापासून मोटारींच्या टायरच्या ट्रेडमध्ये (रस्त्याला लागणाऱ्या थरात) कार्बन ब्लॅकऐवजी सिलिकाचा वापर वाढत गेला आहे, आणि सिलिका जळत नाही. राख बोटांत चोळून बघा. मऊ, पांढरी भुकटी असेल तर सिलिका किंवा झिंक ऑक्साइड किंवा वर सांगितलेला टाल्क. करकर लागत असेल तर वाळू.

वाळू आणि धातूसाठी एक स्वस्त चाचणी आहे, ती प्रत्येक लॉटला करावी. पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाका. या संपृक्त द्रावणाची घनता १.२ च्या आसपास असते आणि टायरच्या क्रंबची १.१५ च्या आसपास. दोन थेंब भांड्याचा साबण घालून क्रंब त्यात ढवळा. साबण नसेल तर कणांना हवा चिकटून राहते आणि निकाल फसवा येतो. रबर वर तरंगेल, वाळू, खडे, लोखंड तळाशी बसतील. तळाचा गाळ धुऊन, वाळवून तोला. पॉलिएस्टरचे तंतू पाण्यापेक्षा बरेच जड असल्यामुळे मोकळे असतील तर तेही खाली जातात, नायलॉनचे मात्र वर राहतात, त्यामुळे तंतू डोळ्यांनीच शोधावे लागतात. कापसासारखे पुंजके दिसले तर तो लॉट पातळ मालाला वापरू नका. असा पुंजका जिथे जातो तिथेच माल सुटतो.

तारेसाठी जोरदार चुंबक पांढऱ्या कागदाखालून फिरवा आणि वर क्रंबचा पातळ थर पसरा. टायरच्या तारेवर पितळ किंवा कांस्याचा मुलामा असतो, म्हणजे तांबं आलंच. साच्यावर ओरखडे पडणं हा एक तोटा, पण तांबं नैसर्गिक रबर लवकर जुनं करतं हा दुसरा, उशिरा कळणारा. ओव्हनमध्ये एजिंग केलेला (मुद्दाम तापवून लवकर जुना केलेला) तुकडा नेहमीपेक्षा लवकर चिकट किंवा ठिसूळ होत असेल, तर तारेचा संशय घ्या.

चाळणीची चाचणी करताना बारीक क्रंब चाळणीवर गोळा होऊन बसतो आणि लॉट प्रत्यक्षापेक्षा जाड वाटतो. नमुन्यात थोडी टाल्क मिसळून चाळा, मग कण सुटे पडतात. टाल्कचं वजन हिशेबातून वजा करायला विसरू नका.

या सगळ्याच्या वर एक चाचणी मी ठेवीन, जी कुठल्याच प्रमाणपत्रात नसते. एक साधा ठरावीक फॉर्म्युला पक्का करा, त्यात प्रत्येक नव्या लॉटचा क्रंब २० टक्के घाला, लॅब मिलवर तेवढाच वेळ फिरवा, मुरवा, रिओमीटर लावा आणि टिअरचे तुकडे काढा. तुमच्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त घालायचं कारण असं की छोटे फरक मोठे होऊन दिसतात. टीएस-२ आणि एमएच मागच्या लॉटशी जुळले तर उत्पादन सुरू करा. टीएस-२ एकदम घसरला तर तो लॉट बहुधा वेगळ्या टायरांचा आहे, आणि ते तुम्हाला प्रेसवर कळण्याआधी कळलं.

साठवणीबद्दल एवढंच की नुकता दळलेला क्रंब गरम असतो आणि त्याचा मोठा ढीग आतून स्वतःच तापत जाऊ शकतो, पेटूही शकतो. गरम गोणी आली तर ती उघडून पसरवा, थंड होऊ द्या, मगच रचा.

दुसऱ्या रबरात घालताना

एनबीआरमध्ये (तेल सोसणाऱ्या नायट्राइल रबरात) टायरचा क्रंब घातला की तेलातला फुगवटा वाढतो, कारण क्रंबचं रबर तेल सहन करणारं नाही. तेलाशी संबंध येणाऱ्या मालात तो नको. ईपीडीएम या कृत्रिम रबरात जोड कमकुवत लागते, शिवाय ओझोन आणि हवेचा मारा सोसण्याचा जो गुण घेण्यासाठी ईपीडीएम वापरतात तोच क्रंबच्या कणांपाशी हरवतो. गंधकाऐवजी पेरॉक्साइडने क्युअर होणाऱ्या कंपाउंडमध्ये तर टायरमधला गंधक आणि अँटिऑक्सिडंट पेरॉक्साइडचे रॅडिकल (जोडणी घडवणारे क्रियाशील तुकडे) खाऊन टाकतात आणि माल कच्चा राहतो. पेरॉक्साइड वाढवत राहण्यापेक्षा त्या मालाचा स्वतःचाच फ्लॅश आणि वाया गेलेला माल बारीक दळून वापरा. तोच फॉर्म्युला असल्यामुळे देवघेवीचा त्रास खूपच कमी होतो. तरीही पहिली बॅच बिनक्रंबच्या बॅचशेजारी ठेवूनच तपासा.